बुवांचं भजन कॅसेटवर उतरवताना

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या अलीकडे आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटोचा निळा पडदा, दोन दिवे आणि एक स्टूल. मागच्या खोलीत कॉम्प्युटर. पुढची खोली नवऱ्याची, मागची माझी. तो लग्नाच्या शूटिंग करून आणायचा आणि मी त्या कापायची, जोडायची, नावं टाकायची, गाणी लावायची. या कामाला आमच्याकडे सगळे ‘मिक्सिंग’ म्हणत. त्यामुळे मी झाले मिक्सिंगवाल्या बाई. भाजीवालीसुद्धा मला याच नावाने हाक मारायची.

खरं तर कॉम्प्युटर शिकायला नवराच नागपूरला जाणार होता. दोन दिवस गेला आणि परत आला. म्हणाला, “मले बसून कराचं काम जमत नाई. तूच जा.” माझं माहेर आर्वीचं, कापडाच्या दुकानाचं. वडील तागा उलगडताना आधी बोटांनी पोत पाहायचे आणि मग कात्री लावायचे, ते पाहत मी मोठी झाले. बसून करायच्या कामाचा मला कंटाळा नव्हता. मी रोज सकाळच्या गाडीने नागपूरला जाऊन आले आणि शिकले.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं होती. त्या वर्षांत कोण काय घेऊन येईल याचा नेम नसायचा. कुणाकडे जुनी मोठी कॅसेट, कुणाकडे हँडीकॅमची काडेपेटीएवढी कॅसेट, कुणाकडे सीडी. लग्न एकावर, हळद दुसऱ्यावर, आणि जावयाने काढलेलं बारसं तिसऱ्याच कशावर तरी. माणसांना वाटायचं की चित्र म्हणजे चित्र, एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी टाकायला असं काय लागतं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मग मला त्याचीच गोडी लागली. टेबलामागे वायरींचा असा गुंता असायचा की नवरा तिकडे झाडू मारायला घाबरायचा, आणि मी डोळे मिटून सांगू शकायची की पिवळी वायर कुठून कुठे जाते.

एका दुपारी एक बाई आत आल्या. काठाचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. वय माझ्या आईएवढं.

“मिक्सिंगवाल्या बाई तुमीच काय जी?”

“हो. बसा ना काकू.”

त्या बसल्या नाहीत. मागे वळून दाराकडे पाहिलं. पायरीवर एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, धोतर आणि गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला दुपट्टा. ऊन चांगलंच होतं, त्यामुळे तो दुपट्टा माझ्या लगेच नजरेत भरला.

“या ना अंदर,” काकू त्यांना म्हणाल्या. “इथं कोणी नाई ओळखीचं.”

मग ते आले आणि पासपोर्टच्या स्टुलावर, पाठ रस्त्याकडे करून बसले.

काकूंनी पाणी घेतलं आणि सगळं सांगितलं. दोघं सिंदी रेल्वे या गावचे. थोडी शेती. पण गावोगावी त्यांना शेतीमुळे कुणी ओळखत नव्हतं. हे बुवा खंजेरी भजनाच्या मंडळाचे मुख्य गायक होते. सेलू तालुक्यात असं गाव नसेल जिथे त्यांनी भजन केलं नाही. मागच्या वर्षी गळ्याला गाठ आली. इथेच, वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आवाजाची पेटी काढावी लागली आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं.

“डॉक्टरायनं पहिलेच सांगतलं होतं,” काकू म्हणाल्या. “जीव वाचन, पण आवाज रायणार नाई. आमी म्हटलं, जीव पाह्यजे. आता जीव हाये तं हे घराच्या बाहेर निघत नाई. देवळात जात नाई. मंडळाचे लोक येतात तं मागच्या खोलीत जाऊन बसतात. दवाखान्यात आनतो तेवढंच.”

बुवा खाली पाहत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि आपल्याबद्दल आपल्यासमोरच असं बोललं जाण्याची त्यांना सवय झाली असावी.

काकूंनी पिशवीतून एक सीडी काढली. प्लास्टिकच्या थैलीत, थैली रुमालात. ऑपरेशनच्या थोडं आधी सिंदीच्या मंदिरात मंडळाचा कार्यक्रम झाला होता. पुण्याला कंपनीत असलेला भाचा तेव्हा आलेला. त्याने आपल्या कॅमेऱ्यावर तो कार्यक्रम काढला आणि पुण्याहून सीडी करून पाठवली. बुवांच्या आवाजाची तेवढीच एक गोष्ट जगात शिल्लक होती. मंडळाच्या लोकांच्या मनात होतं की हे भजन सिंदीच्या केबलवर दाखवावं, म्हणजे घरोघरी ऐकलं जाईल. पण केबलवाल्याकडे एक व्हीसीआर होता आणि त्यावरच तो सगळं चालवायचा.

“तो म्हणते, फाईल-बिईल मले समजत नाई. कॅसेट आना, लावून देतो. तं म्हटलं, तुमी कॅसेट करून द्याल काय?”

मी हो म्हटलं. त्यात काय, असं वाटलं.

सीडी घातली. आत मोजक्या फायली होत्या. पहिली उघडली. पडद्याच्या मध्ये पोस्टकार्डाएवढं चित्र आलं. मंदिराचा सभामंडप, ट्यूबलाइट, गोलात बसलेली माणसं. मध्ये बुवा. खंजेरी डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं तिच्यावर. आणि मग आवाज आला.

मी लहानपणापासून भजनं ऐकली आहेत. पण हा आवाज वेगळा होता. मोठा होता पण ओरडा नव्हता. शेतातून कुणी दूरच्या माणसाला हाक मारावी तसा मोकळा. आम्ही आत ऐकत होतो. मी सहज मागे पाहिलं तर काकूंनी पदर तोंडाला लावला होता, आणि त्यांच्या मागे दारात बुवा उभे होते. कधी उठून आले कळलंच नाही. ते क्षणभर पडद्याकडे पाहत राहिले, मग बाहेर गेले, पायरीवरून उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

काकू म्हणाल्या, “पहिल्यांदा ऐकलं त्यायनं. आजवर ऐकाले तयार नव्हते.”

काम मी समजले होते तितकं सोपं निघालं नाही. ती फाईल कॉम्प्युटरवर नुसती पाहायला ठीक होती. पण कापायला, जोडायला मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की चित्र अडखळायचं, मध्येच काळं व्हायचं, आवाज पुढे पळायचा. भाच्याने एका सीडीत सगळं मावावं म्हणून त्या फायली फार दाबून बसवल्या होत्या. त्या आधी उलगडून, हँडीकॅमच्या कॅसेटवर चित्र जसं असतं तशा करायला हव्या होत्या. पुढच्या वेळी दोघं तपासणीला आले तेव्हा मी काकूंना हे कसं समजवावं याचा विचार करत होते. त्याच म्हणाल्या, “म्हणजे गठाण फोडाची.”

त्या लग्नाआधी सिंदीच्या जिनिंगमध्ये कामाला जायच्या. सरकी काढलेला कापूस प्रेसमध्ये दाबून त्याची गठाण बांधतात. गिरणीत सूत काढायचं तर ती गठाण आधी फोडावी लागते, आणि फोडली की कापूस फुगून सगळी खोली भरतो. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. माझ्या कॉम्प्युटरचंही तेच झालं. एका बोटभर फाईलची इतकी मोठी फाईल व्हायची की डिस्कवर जागा उरेना. दोन लग्नं कॅसेटवर उतरवून डिस्कवरून पुसली तेव्हा कुठे बुवांना जागा झाली.

त्यात लोडशेडिंग. फाईल बदलायला लावली की किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकायची. मी स्वयंपाक करायची, येऊन पाहायची, पट्टी अर्ध्यावर. आणि लाईन जायची. यूपीएस थोडा वेळ टीं-टीं करायचा आणि गप्प व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी फायलींचे लहान लहान तुकडे केले आणि लाईन कधी असेल ते पाहून एकेक तुकडा लावू लागले. शेजारची बाई म्हणायची, “लग्नसराई नाई काई नाई, तुमी कायची मिक्सिंग करून राह्यल्या?” मी म्हणायची, भजनाची.

पहिली भजनं जमली असं वाटलं तेव्हा दोघांना मागच्या खोलीत बसवलं. या वेळी बुवाही आत बसले. मी लावलं. चित्र आता मोठं झालं होतं, सरळ चाललं होतं. मला आनंद झाला होता. काकू मात्र मान तिरकी करून ऐकत होत्या.

“कसं काय काकू?”

“चांगलं हाये जी.” मग थोडं थांबून, संकोचून म्हणाल्या, “आवाज तं ह्यायचाच हाये. पण यायले इतकी घाई कधीच नव्हती.”

बुवांचे खांदे हलू लागले. मी घाबरले, मला वाटलं त्यांना त्रास होतोय. मग दिसलं की ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकू पण हसायला लागल्या. “खरंच सांगतो बाई, यायनं चहासुदा कधी घाईनं नाई पेला.”

मी पुन्हा ऐकलं. आधीच्या सीडीवरचं आणि आताचं, एकामागून एक. त्या बरोबर होत्या. फाईल उलगडताना आवाज किंचित भरभर आणि किंचित चढा झाला होता. मला तो नुसता आवाज होता, त्यांनी त्या आवाजासोबत आयुष्य काढलं होतं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला कारण सापडलं. भाच्याच्या फायलीतला आवाज एका मापाने भरलेला होता, आमचं सॉफ्टवेअर त्याला दुसऱ्या मापाचा समजून पळवत होतं. मी चित्र आणि आवाज वेगळे केले, आवाज आधी आपल्या मापाचा करून घेतला आणि मग दोघांना पुन्हा जोडलं. जोडताना एक खूण लागते. मी खंजेरीवर बोट पडतं ती जागा पकडली. बोट चामड्याला टेकलं त्याच क्षणी ‘धप्’ यायला हवा. आज सांगताना सोपं वाटतं, पण त्या बोटाकडे पाहून पाहून माझ्या स्वप्नात खंजेरी यायची.

मग शेवटची फाईल राहिली. आणि तीच रुसली.

कार्यक्रमातलं शेवटचं भजन त्यात होतं. काकू म्हणायच्या की लोक त्यासाठी थांबून राहायचे. ती फाईल उलगडली तर सुरुवातीला बुवा दिसले, त्यांनी खंजेरी वर केली, आणि तिथेच चित्र थिजलं. आवाज पुढे चालू. सगळं भजन स्वच्छ ऐकू येत होतं, पण पडद्यावर हात वर केलेले बुवा तसेच. सीडी फडक्याने पुसून पाहिली, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर घालून पाहिली, तरी तेच. पुण्याला फोन लावला. भाचा म्हणाला, “ताई, कॅमेऱ्यातलं मी पुसून टाकलं. सीडीत आहे म्हणून.” तो बिचारा रडवेला झाला. त्याला तरी काय माहीत असणार होतं?

दोघं आले तेव्हा मी जे होतं ते दाखवलं. म्हटलं, नुसता आवाज ठेवते, वर मंदिराचे फोटो लावते. काकू हो म्हणाल्या पण त्यांचा चेहरा उतरला.

माझा नवरा दाराला टेकून पाहत होता. तो एकदम म्हणाला, “बुवा, खंजेरी घेऊन या. आवाज हाये ना? तुमी त्याच्यावर वाजवा, मी हाताची शूटिंग काढतो. हात तं तेच हायेत.”

बुवांनी जोरात मान हलवली. हाताने नको, नको अशी खूण केली. त्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही. काकूंनी सांगितलं, “हे म्हणून राह्यले, ते संपलं आता.”

ते उठून पुढच्या खोलीत गेले. मी नवऱ्याकडे रागाने पाहिलं. कशाला बोललास, असं. तो पण ओशाळला.

नंतर बरेच दिवस ते आले नाहीत. मला वाटलं, आता येणार पण नाहीत. मी बाकीची भजनं जोडून ठेवली. आणि मग एका सकाळी, दवाखान्यात जायच्या आधीच, दोघं दारात. बुवा आज पायरीवर थांबले नाहीत. सरळ आत आले आणि हातातली पिशवी त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर धरली. आत फडक्यात गुंडाळलेली खंजेरी होती.

“काल यायनं स्वतःहून काढली,” काकू हळूच मला म्हणाल्या. “उन्हात ठेवली. चामडं ढिलं पडलं होतं नं. मी काई बोलली नाई. बोलली तं पुन्हा ठेवून देतील.”

नवऱ्याने निळा पडदा काढला. आम्ही घरातली सतरंजी आणून अंथरली. कॉम्प्युटरचे स्पीकर ओढून दारापर्यंत आणले. बुवा मांडी घालून बसले. त्यांनी खंजेरी डाव्या हातात धरली, बोटांनी चामडं चाचपलं. नवऱ्याने कॅमेरा त्यांच्या हातांवर लावला.

मी आवाज सुरू केला. बुवांचा जुना आवाज खोलीत आला. बुवांचा हात उठला नाही.

मी थांबवलं, पुन्हा लावलं. या वेळी बोट टेकलं पण ताल सुटला. स्वतःचाच आवाज ऐकत वाजवणं त्यांना जमत नव्हतं. गाणारे तेच आणि वाजवणारेही तेच, असं आयुष्यभर केलेलं. आता गाणारा कुठेतरी पुढे चालला होता आणि यांना त्याच्या मागे जायचं होतं. त्यांनी खंजेरी मांडीवर ठेवली. मला वाटलं, झालं.

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमी गाऊन राह्यले असं नका समजू. दुसरा कोनी बुवा आला आपल्याकडे, आन् तुमी त्याले साथ देऊन राह्यले. पाह्यना तुमी किती जनायले साथ देल्ली.”

बुवांनी डोळे मिटले. मी तिसऱ्यांदा लावलं.

हात असा पडला की मी दचकले. स्पीकरमधल्या खंजेरीवर ही खंजेरी बरोबर बसली, इतकी की दोन वाजतायत हे कळेना. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नाही, पण शब्द न् शब्द. मान डोलू लागली, पुढच्या ओळीला भुवया वर गेल्या. नवऱ्याने हातांवरचा कॅमेरा हळूहळू वर नेला, आणि चेहऱ्याच्या अलीकडे थांबून काकूंकडे पाहिलं. तेवढ्यात बुवांनी डोळे उघडले. त्यांना कॅमेरा वर आलेला दिसला. ते थांबले नाहीत. त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि गात राहिले. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही.

मान हलून हलून गळ्याचा दुपट्टा सरकला. आतली पांढरी पट्टी दिसू लागली. काकू नीट करायला पुढे झाल्या, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ताल तिथेही सुटला नाही. पासपोर्ट फोटोसाठी आलेले दोन मेडिकलचे विद्यार्थी पायरीवर चपला हातात घेऊन उभे होते. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं.

भजन संपलं. मग नवरा म्हणाला, “चहा सांगतो,” आणि डोळे पुसत बाहेर गेला.

ते चित्र मी त्या आवाजावर बसवलं. जोडायला फार काही लागलं नाही. आता कॅसेटवर उतरवायचं होतं. आमच्याकडे त्यासाठी हँडीकॅमलाच वायर लावत, कॉम्प्युटरमधून चित्र निघायचं आणि कॅमेऱ्यातल्या लहान कॅसेटवर उतरायचं. त्या वेळी माउसलाही हात लावायचा नाही, नाहीतर मध्येच चित्र गळायचं. लाईन असलेली सकाळ निवडली, यूपीएस भरून घेतला, नवऱ्याला सांगितलं की पुढे कुणी आलं तरी मला हाक मारायची नाही. खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी भजनं पाहिली. मी हजार वेळा तुकड्यांत पाहिलेलं, पण अखंड असं त्या दिवशीच पाहिलं. लहान कॅसेटवरून मग व्हीसीआरवर, मोठ्या कॅसेटवर. कागदाच्या पट्टीवर मी स्वतःच्या अक्षरात मंडळाचं आणि गावाचं नाव लिहून चिकटवलं.

केबलवाल्याने एका रविवारी दुपारी दाखवायचं ठरवलं. काकूंचा निरोप आला, जेवायलाच येजा. आम्ही दोघं पॅसेंजरने सिंदीला गेलो. काकूंनी गोळाभात आणि वांग्याची भाजी केली होती. जेवणं झाली तोवर घर भरलं. मंडळाचे लोक, शेजारच्या बाया, त्यांच्या मांडीवरची पोरं. बुवा भिंतीला टेकून बसले होते. मागच्या खोलीत गेले नव्हते.

सुरू झालं. मंडळाचे लोक स्वतःला पाहून एकमेकांना कोपराने ढोसत होते. कुणी म्हणे, मी किती बारीक होतो, कुणी म्हणे, याने तेव्हाही टाळ चुकवलाच. हसणं, बोलणं चाललं होतं. मग शेवटचं भजन लागलं. बुवांनी खंजेरी वर केली, आणि पुढच्या क्षणी मंदिर जाऊन तिथे आमची सतरंजी आली, आजचे वाळलेले बुवा आले, गळ्यावर पांढरी पट्टी. आणि आवाज तोच.

टाळ वाजवणारे म्हातारे गृहस्थ टीव्हीकडे पाहत होते, मग बुवांकडे, पुन्हा टीव्हीकडे. “बुवा,” ते म्हणाले, “हे कवा केलं तुमी?”

बुवा उठले आणि घराबाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेले. ते गल्लीत उभे होते. मी काही बोलणार तेवढ्यात मला ऐकू आलं. समोरच्या घरातून बुवांचा आवाज येत होता. त्याच्या शेजारच्या घरातून तोच. पुढच्या, त्याच्या पुढच्या. गल्लीतल्या सगळ्या टीव्हींवर तेच चाललं होतं आणि दारं सगळी उघडी होती. बुवा चालू लागले, अगदी हळू. एका दारापुढे थांबायचे, आत पाहायचे नाहीत, नुसतं ऐकायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. मी लांबूनच मागे राहिले.

एका घरातून पिठाच्या हातांची बाई बाहेर आली. तिने त्यांना पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. घरात बुवा गात होते आणि दारातही बुवा होते.

“अवं माय! बुवा! अंदर या ना जी. बाहेर काऊन उभे?”

बुवांनी तिला हात जोडले. तिचा नवरा आला, सासरा आला. दुसऱ्या घरातून माणसं निघाली. कुणी पाया पडलं, कुणी हात धरून विचारलं, तब्येत कशी हाये? बुवा मानेने बरी म्हणून सांगत होते. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत भजन संपलं. ते तिथे थोडा वेळ उभे राहिले, आणि लोकांच्या सोबतीने परत घराकडे आले. दुपट्टा घरातच राहिला होता. तो त्यांनी त्या दिवशी पुन्हा गुंडाळला नाही.

त्यानंतर बुवा मंदिरात जाऊ लागले, असं काकूंनी सांगितलं. गायचं काम टाळवाल्या गृहस्थांनी घेतलं आणि बुवा त्यांना खंजेरीची साथ देत. बाहेरगावीही गेले. तपासणीला आले की आमच्याकडे चहा व्हायचाच. बुवा ओठ हलवून बोलायचे आणि हळूहळू मलाही त्यातलं थोडं समजू लागलं. माझ्या नवऱ्याशी तर ते हातवारे करून कापसापासून क्रिकेटपर्यंत गप्पा मारायचे. आणखी बरीच वर्षं ते चांगले राहिले. शेवटी गेले ते म्हातारपणाने, झोपेत.

दरम्यान आमचं कामही बदललं. व्हीसीआर गेले, मग हँडीकॅमच्या कॅसेटी गेल्या. मिक्सिंग करणारी दुकानं जागोजागी झाली आणि पुढे लोक मोबाइलवरच काढू लागले. मुलगा बंगलोरला नोकरीला लागला. मागच्या खोलीत आता तांदळाच्या कोठ्या आहेत. मला त्या कामाची आठवण येते, ती बहुतेक दुपारी. जेवणं झालेली असतात, रस्त्यावर कुणी नसतं, आणि वाटतं की आत पट्टी किती सरकली ते पाहून यावं.

बुवा गेल्यानंतर काकू एकदाच आल्या, डोळे दाखवायला वर्ध्याला आल्या होत्या तेव्हा. थकल्या होत्या, पण कुंकवाच्या जागी बारीक काळी टिकली लावून, स्वच्छ लुगड्यात. मी विचारलं, “कसं चाललं काकू? करमते काय?”

“मंडळ येते नं आता आमच्या घरी,” त्या म्हणाल्या. “दर गुरवारी. मी म्हटलं, देवळात कायले, माह्या अंगनात बसा. बेसूर गातात बाप्पा. पण येतात. चहा ठेवाचा, सतरंजी टाकाची, दिवस जाते.”

चहा पिऊन त्या उठल्या. पॅसेंजरची वेळ झाली होती. मी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेले. ऑटोत बसताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “एखाद्या गुरवारी येजो बाई. जेवाले.”

मी गेले. पुढच्याच गुरुवारी.